गच्चीवर दोन किलोवॅट: घरच्या प्रकल्पाच्या नोंदी

2 फेब्रुवारी 2025, रविवार

काल अर्थसंकल्पात पीएम सूर्यघर योजनेला (घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी) 20,000 कोटी ठेवल्याचं आईने आज पेपरात वाचलं आणि चहा देता देता विचारलं, "त्यातले आपल्या गच्चीवर किती येणार?" उत्तर सोपं आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, पुढे शून्य. म्हणजे जास्तीत जास्त 78,000. योजना गेल्या वर्षी फेब्रुवारीत आली, एक कोटी घरं हे तिचं लक्ष्य आणि 75,021 कोटी हा तिचा एकूण खर्च.

घर पुण्यातलं, बाबांनी 1988 मध्ये बांधलेलं, दोन मजली, वर मोकळी गच्ची. राहणारी माणसं पाच: आई, आम्ही दोघं, दोन मुलं. 2024 ची बारा बिलं काढून बेरीज केली. 4,080 युनिटं, महिन्याला सरासरी 340. मे महिन्यात 452.

ही वही मुख्यतः दादासाठी. तो स्टुटगार्टला असतो, घर दोघांचं आहे, आणि "नक्की काय चाललंय तिकडे" हा प्रश्न दर रविवारी फोनवर येण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

9 फेब्रुवारी, रविवार

पॅनेल बसवून देणारा पहिला व्हेंडर येऊन गेला. मुलगा चांगला होता, चपला बाहेर काढून आला. टेपने गच्ची मोजली, टाकीकडे बघितलं, शेजारच्या नारळाकडे बघितलं, बिलाचा फोटो काढला. म्हणाला, "ताई, तीन किलोवॅटमध्ये भागेल, पण पाच टाका. उद्या ई-स्कूटर येईल, एसी वाढेल." एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, आपल्याकडे ती पाचासाठीही आहे. अनुदान मात्र तीनाला जेवढं तेवढंच पाचाला.

तो गेल्यावर लक्षात आलं, की माणूस पाऊण तास घरी होता आणि घरात आलाच नाही. जिन्याने वर गेला, जिन्याने खाली. ही 340 युनिटं जातात कुठे हे त्याने विचारलं नाही. तसं बघायला गेलं तर मीही बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

15 फेब्रुवारी, शनिवार

आज मीटरसमोर स्टूल टाकून बसले. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी छापलेलं असतं 3200 इम्पल्स म्हणजे एक युनिट. त्यावरून सगळं निघतं. घरातले सगळे स्विच बंद करून एकेक वस्तू चालू करायची आणि मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. जुना पंखा फुल स्पीडला: मिनिटाला चार. म्हणजे 75 वॅट. गिझर लावला तर मोजताच येईना, दिवा नुसता थरथरतो.

गंमत अशी, की सगळं बंद केल्यावरही दिवा मधूनमधून लुकलुकत होता. मुलीने शोधून काढलं: सेट टॉप बॉक्स, वायफाय, आणि जिन्याखालचा इन्व्हर्टर, जो बॅटरी जुनी झाल्याने दिवसभर चार्जच होत बसतो. इन्व्हर्टरची बॅटरी बाबांच्या वेळची आहे, हे सांगितलं तर आई ती काढू देणार नाही. सध्या नुसतं टिपून ठेवते.

बिलाचा हिशेबही आज नीट समजला. पहिल्या 100 युनिटांना वीज आकार 4.71, त्यावर वहन आकार 1.17. 101 ते 300 ला 10.29 अधिक 1.17. 301 ते 500 ला 14.55 अधिक 1.17. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे आमचं 340 मधलं शेवटचं युनिट सव्वाअठरा रुपयांना पडतं आणि पहिलं सातला सुद्धा पडत नाही. वाचवायला सुरुवात केली की आधी वरची, महाग युनिटं गळतात. सरकारने कुठेही अनुदान म्हणून न लिहिलेलं हे सगळ्यात मोठं प्रोत्साहन आहे, आणि ते दर महिन्याला बिलाच्या मागच्या बाजूला छापून येतं.

23 फेब्रुवारी, रविवार

फ्रिज 2009 चा. प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर मागवला होता, तो चोवीस तास लावून ठेवला. 2.4 युनिटं. महिन्याला 72. बाहेर थंडी असताना ही कथा, मे महिन्यात तो काय खात असेल देव जाणे.

1 मार्च, शनिवार

आजची नोंद थोडी लाजिरवाणी आहे, पण दादाला कळायलाच हवी.

गच्चीवर बाबांनी बसवलेला सोलर वॉटर हीटर आहे, दोनशे लिटरचा, काचेच्या नळ्यांचा. तीन वर्षांपासून त्याचं पाणी कोमट येतं, म्हणून आम्ही सगळे गिझर लावतो. आज मिळकतकराचं जुनं बिल शोधताना दिसलं, की त्याच हीटरसाठी करात सवलत चालू आहे. पुणे महापालिका सौर, पावसाचं पाणी जिरवणं किंवा गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सूट देते. अट एकच, प्रकल्प चालू असला पाहिजे. आमचा चालू नव्हता, फक्त गच्चीवर होता. पालिकेचं माणूस बघायला आलं असतं तर आईने त्याला चहा पाजून कोमट पाण्याची तारीफ केली असती, याची मला खात्री आहे.

प्लंबर बोलावला. बोअरच्या पाण्याचा क्षार. टाकीत बोटभर थर, पाच नळ्यांची रबरं गेलेली, एक नळी फुटलेली. सगळं मिळून 4,600 रुपये आणि एक पूर्ण दिवस. आता बोअरचं पाणी तोडून फक्त पालिकेची लाईन जोडली.

पाच माणसांना रोज शंभर लिटर गरम पाणी धरलं आणि ते 25 अंशांनी तापवायचं म्हटलं तर 2.9 युनिटं लागतात. महिन्याला 87. पावसाळ्यात गिझर लागणारच, तरी वर्षाची सरासरी 75 ला मरण नाही. 4,600 रुपयांत महिन्याची 75 युनिटं, आणि वस्तू तर घरात होतीच!

22 मार्च, शनिवार

चार पंखे बदलले: हॉल, आईची खोली, आमची खोली, मुलांची खोली. बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, 2,800 ला एक. वायरमनने बसवताना जुने रेग्युलेटर काढूनच टाकले. या पंख्यांना ते चालत नाहीत, वेग रिमोटने. मग मीटरसमोर पुन्हा स्टूल. फुल स्पीडला दोन मिनिटांत जेमतेम तीन वेळा लुकलुकला. म्हणजे 30 वॅटच्या आसपास. जुन्याशी तुलना केली तर एका पंख्यामागे 45 वॅट. चार पंखे रोज बारा तास धरले तर महिन्याला 65 युनिटं. थंडीत पंखे बंद, म्हणून वर्षाची सरासरी 50 धरते.

आईची तक्रार: रिमोट उशाखाली हरवतो. तिच्या खोलीतला रिमोट भिंतीला दोरीने बांधलाय.

या 11,200 रुपयांवर अनुदान किती? शून्य. पंख्यांना 2023 च्या जानेवारीपासून स्टार लेबल सक्तीचं झालं, त्यामुळे दुकानात निवडायला सोपं गेलं, एवढंच. बल्बच्या वेळी वेगळं होतं. 2015 मध्ये उजाला योजना आली तेव्हा बाबा रांगेत उभे राहून एलईडी बल्ब घेऊन आले होते. तिथेही सरकारने हातात पैसे दिले नाहीत. ठोक खरेदी करून बाजारातली किंमतच पाडली आणि 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले. आज कुठल्याही वाण्याकडे एलईडी मिळतो, पिवळा बल्ब मागितला तर तो आपल्याकडे बघतो. पंख्यांसाठी तसाच कार्यक्रम ईईएसएल या सरकारी ऊर्जाबचत कंपनीने 2023 च्या नोव्हेंबरात सुरू केला, एक कोटी पंख्यांचा. आमच्या गल्लीपर्यंत तो यायची वाट बघायची तर अजून एक उन्हाळा गेला असता.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

मुहूर्तावर फ्रिज. तीन स्टार, लेबलवर वर्षाला 210 युनिटं, म्हणजे महिन्याला साडेसतरा. 27,500 रुपये, जुन्याचे 2,000 वजा.

जुन्यावरून वाद झाला. आईचं म्हणणं, "चालू वस्तू दोन हजारांत द्यायची? वरच्या खोलीत ठेवू, आंब्यांना होईल." मी तिला प्लगवाल्या मीटरचा आकडा दाखवला. वर ठेवला असता तर नवा फ्रिज घेऊन आमचं बिल वाढलं असतं. शेवटी टेम्पोत चढवताना तिने त्याला हळद-कुंकू लावलं. आंबे यंदा पेंढ्यात.

20 एप्रिल, रविवार

दादाला ईस्टरची सुट्टी, दीड तास फोन. त्याने त्याच्या घराला हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घर गरम करणारं यंत्र) बसवायचं ठरवलंय. तिकडे अनुदानाची मूळ टक्केवारी 30, जुना तेलाचा बॉयलर वेळेत काढला तर वर आणखी 20. हिशेबात धरायचा खर्च मात्र 30,000 युरोपर्यंतच, त्यामुळे त्याला जास्तीत जास्त 15,000 मिळतील. उत्पन्न कमी असणाऱ्यांना याहून जास्त मिळतं, सत्तर टक्क्यांपर्यंत.

मला खरा रस होता तो पुढच्या भागात. तिकडे भिंतींना, छताला उष्णतारोधक थर द्यायलाही 15 टक्के मिळतात आणि तज्ज्ञाकडून घराचा टप्प्याटप्प्याचा आराखडा करून घेतलेला असेल तर 5 टक्के वर. म्हणजे घर कमी ऊर्जा पिईल यासाठी केलेला खर्चही हिशेबात धरतात. आपल्याकडे पैसे पॅनेलला आहेत, पंख्याला नाहीत. सरकारचंही समजू शकतं. पॅनेल मोजता येतं, गच्चीवर दिसतं, नेट मीटरला (घरात येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरला) आकडा येतो. न वापरलेलं युनिट मोजायला कोण येणार?

दादाचा सल्ला, "तीन टाक. 78,000 पूर्ण घे. सोडायचे कशाला?" मी म्हटलं, मे महिन्याचं बिल येऊ दे.

26 मे, सोमवार

मॉन्सून आजच पुण्यात पोचला. मे महिन्यात! वॉटरप्रूफिंगवाला एक जूनला येणार होता. पॅनेलच्या आधी गच्ची करायची, हे मी ठरवलं होतं. एकदा स्ट्रक्चर उभं राहिलं की खाली गळती झाली तर कुठे हात घालणार? आता गच्चीचं काम पावसानंतर. म्हणजे सगळाच प्रकल्प चार महिने पुढे. चिडचिड झाली, पण निदान कागदपत्रं करून घेता येतील.

9 जून, सोमवार

मे महिन्याचं बिल: 236 युनिटं. गेल्या मेमध्ये 452. आईने दोन्ही बिलं देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवलीत. खरं सांगायचं तर यातलं थोडं श्रेय पावसाला, शेवटचे दहा-बारा दिवस एसी लागलाच नाही. मार्च-एप्रिलही बघितले तर वर्षाची सरासरी 160 च्या आसपास बसेल असं वाटतं.

मग पॅनेल किती? पुण्यात एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिटं देतो, पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. वर्षाची सरासरी महिन्याला 115 धरते. एका किलोवॅटमध्ये भागत नाही. दोनमध्ये 230, म्हणजे गरज भागून एसीचे महिने निघतील आणि ई-स्कूटर आली तरी चालेल. तीनमध्ये 345. ही वरची शंभर-सव्वाशे युनिटं जातील कुठे? नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिटं पुढच्या महिन्याला जमा होतात, पण 31 मार्चला हिशेब बंद. उरलेली युनिटं कंपनी तिच्या ठरलेल्या दराने घेते, आणि तो दर आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. तिसऱ्या किलोवॅटला 18,000 अनुदान खरं, पण तो बसवायला आमच्या खिशातून वर 27,000 जातील, ज्याचा उपयोग नाही.

दोन किलोवॅट. अनुदान 60,000. दादाला मेसेज केला. त्याचं उत्तर: "18,000 सोडणारी तू पहिलीच पुणेकर."

21 जून, शनिवार

वीजबिल अजून बाबांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. दर महिन्याला त्यांच्या नावाने येणारं एक तरी पाकीट घरात यावं, असं आईला वाटत असावं. ती कधी बोलली नाही आणि मीही कधी नाव बदलायचा विषय काढला नाही.

पण अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं, तिन्हीकडे एकच नाव लागतं, नाहीतर अनुदान अडकतं. मिळकतकराची पावती आईच्या नावावर आधीच झालेली आहे. मृत्यूचा दाखला, पावती, माझं आणि दादाचं ना-हरकत पत्र (दादाने तिकडून स्कॅन करून पाठवलं, मग मूळ प्रत टपालाने) असा अर्ज भरला. आईने सही केली आणि जुनं बिल घडी घालून बाबांच्या फायलीत ठेवलं.

19 जुलै, शनिवार

नवीन नावाचं बिल आलं. लगेच योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी: राज्य, वितरण कंपनी, बारा अंकी ग्राहक क्रमांक, आईचा मोबाईल. ओटीपी आईच्या फोनवर येतो आणि आईचा फोन देवळात गेलेला असतो. दोन रविवार यात गेले असते, म्हणून शेवटी मीच देवळात गेले. ओटीपी प्रदक्षिणेच्या वाटेवर घेतला.

मंजूर भार 3 किलोवॅट आहे, म्हणून वाढवावा लागला नाही. छोट्या घरगुती यंत्रणेला, दहा किलोवॅटपर्यंत, वेगळी तांत्रिक पाहणी लागत नाही. अर्ज थेट पुढे गेला. ही सुधारणा चांगली झालीय.

बँकेत मात्र माझी चूक निघाली. आधारवर आईचं नाव मधल्या नावासह, पासबुकावर फक्त आद्याक्षर. केवायसी पुन्हा केलं.

24 ऑगस्ट, रविवार

तिघांची कोटेशनं. एकाने तीसेक हजारांनी कमी सांगितलं. खोदून विचारल्यावर कळलं, की त्याचे पॅनेल परदेशी सेलचे, म्हणजे आतले वीज बनवणारे तुकडे बाहेरून आणलेले. अनुदान हवं तर सेल आणि मॉड्यूल (म्हणजे अख्खं पॅनेल) दोन्ही देशात बनलेले लागतात, बाजारात त्यांना डीसीआर म्हणतात आणि ते महाग असतात. "अनुदान नको असेल तर हे घ्या," असं तो सरळ म्हणाला, लपवलं नाही. हिशेब केला तर साठ हजार सोडून तीस हजार वाचवणं कोणाला परवडेल?

ठरवला तो फेब्रुवारीत आलेलाच मुलगा. दोन किलोवॅट ऐकून थोडा हिरमुसला, पण मी त्याला बारा महिन्यांचा तक्ता दाखवला तेव्हा म्हणाला, "ताई, असं कोणी मोजत नाही हो." 540 वॅटचे चार पॅनेल, 2 किलोवॅटचा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा, जिन्याखालचा वेगळा), जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचं स्ट्रक्चर सात फूट उंच, म्हणजे खाली पापड-कुरडया वाळत घालता येतील (आईची अट). मूळ किंमत 1,25,000, वर जीएसटी. सत्तर टक्के सामान धरून त्यावर 12, तीस टक्के सेवा धरून त्यावर 18, मिळून 13.8 टक्के. एकूण 1,42,250.

नारळाच्या सावलीसाठी मुलीने सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर खडूने रेघा मारल्या होत्या, फेब्रुवारीतच, सूर्य दक्षिणेला असताना. चारपैकी एका पॅनेलवर सावली आली तरी अख्ख्या ओळीची वीज उतरते. म्हणून पॅनेल टाकीच्या पूर्वेला सरकवले.

4 सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय. सौर सामान 12 वरून 5 वर, 22 सप्टेंबरपासून. सकाळी सव्वाआठला व्हेंडरचाच फोन, "ताई, थांबायचं का?" थांबायचं. नाहीतरी गच्ची अजून ओलीच आहे. नवा हिशेब 8.9 टक्के, एकूण 1,36,125. पावसाने चार महिने खाल्ले आणि 6,125 रुपये परत दिले.

कर्जाचा विचारही याच आठवड्यात केला. तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला सरकारी बँका तारणाशिवाय दोन लाखांपर्यंत देतात, व्याज सध्या सहा टक्क्यांच्या आसपास. आईच्या ठेवीवर याहून जास्त व्याज मिळतंय. म्हणजे ठेव न मोडता कर्ज घेणं गणिताला धरून आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा कोणाचा एक रुपया डोक्यावर नव्हता. आता मी पंचाहत्तराव्या वर्षी कर्ज काढू?" विषय संपला. निम्मे तिचे, निम्मे आमचे.

दादासाठी वेगळं लिहिते: अनुदान बिलातून वजा होत नाही. व्हेंडरला सगळे पैसे आधी द्यायचे, अनुदान मात्र पॅनेल सुरू झाल्यावर खात्यात येतं. ज्याच्याकडे सव्वा-दीड लाख आधी नाहीत आणि बँक ज्याला दारात उभं करत नाही, त्याच्यासाठी ही योजना अर्धीच आहे. आमच्याकडे भांडी करायला येणाऱ्या मावशींनी विचारलं होतं, "आमच्या पत्र्यावर बसतं का?"

22 सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

पावसाची उघडीप बघून गेल्या आठवड्यात वॉटरप्रूफिंग उरकलं. 38,000. वर पांढरा परावर्तक रंग दिला, आणखी 6,000. वरच्या खोलीत दुपारी हात लावला तर स्लॅब पूर्वीसारखा तापत नाही. यालाही अनुदान शून्य, हे आता वेगळं लिहायला नको.

आजच्या तारखेचं बिल घेऊन व्हेंडरला आगाऊ रक्कम दिली. करारात पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडे, हे लिहून घेतलं.

5 ऑक्टोबर, रविवार

काल आणि आज बसवणी. स्लॅबला एकही भोक नाही, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पाय उभे केले. अर्थिंगचे तीन खड्डे: एक पॅनेलच्या चौकटीला, एक सोलर इन्व्हर्टरकडून घरात येणाऱ्या विजेच्या बाजूला, एक आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाला. तिसऱ्या खड्ड्यासाठी आईची अबोली उपटावी लागली, म्हणून दुपारी कोणालाच ताक मिळालं नाही. चारही पॅनेलच्या मागच्या क्रमांकांचे फोटो काढले, ते पोर्टलवर भरावे लागतात.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "आता लाईट गेली तरी आपल्याकडे असेल ना?" नाही. ही ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेली यंत्रणा आहे. बाहेरची वीज गेली की सोलर इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर आमची वीज तारेत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल. शेजारचे काका हे ऐकून चक्क निराश झाले. अशा वेळी जिन्याखालची बाबांची बॅटरीच कामाला येणार, आणि आईला मी फेब्रुवारीत काय बोलणार होते ते बोलले नाही, हे बरं झालं.

21 ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

पॅनेल बसलेत आणि त्यांचा एमसीबी (वीज तोडणारं बटण) पाडून ठेवलाय. नेट मीटर अजून यायचाय. जुना मीटर एकाच दिशेचा. काही जुने मीटर बाहेर जाणारी वीजही आत आलेली म्हणून मोजतात आणि बिल उलट वाढतं. व्हेंडरने बजावून सांगितलंय, बटणाला हात लावायचा नाही. कडक ऊन पडलंय आणि आम्ही 1,36,125 रुपयांच्या काचांखाली चकल्या वाळवतोय असं आई म्हणते. चकल्या वाळवत नाहीत, पण तिचा मुद्दा कळला.

30 ऑक्टोबर, गुरुवार

मीटर तपासून आला, बसला. सव्वाअकराला एमसीबी वर. इन्व्हर्टरवर आधी लाल, मग हिरवा दिवा. सगळे खाली मीटरसमोर, तेच स्टूल. दिवा लुकलुकतो तसाच, पण पडद्यावरचा बाण बाहेरच्या दिशेने. पाहणीचा अहवाल आणि सुरू झाल्याचं प्रमाणपत्र पोर्टलवर चढलं की अनुदानाचा अर्ज.

7 डिसेंबर, रविवार

नोव्हेंबरचा हिशेब. पॅनेलनी बनवली 236 युनिटं. त्यातली 60 आम्ही दिवसा वापरली, 176 बाहेर गेली. रात्री बाहेरून घेतली 118. म्हणजे 58 जमा. बिल तरी आलंच: स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क. आई म्हणते, "योजनेचं नाव 'मोफत बिजली' ठेवलंय ना, मग हे कशाचं?" तिला समजावलं, पटलं नाही.

आता कपडे धुण्याचं मशीन रात्रीऐवजी सकाळी दहाला लावतो. याने युनिटांत फरक पडत नाही, नेट मीटरिंगला दिवस-रात्र सारखीच. पण मुलीला दिवसा मीटरचा बाण उलटा फिरलेला बघायला आवडतं.

मावशींना सांगायला एक बातमी आहे. महिन्याला शंभरच्या आत युनिटं वापरणाऱ्यांसाठी राज्याने स्वतःचा वाटा घातलाय, योजनेचं नाव स्मार्ट. दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500, एका किलोवॅटला. त्यांच्याकडे तसं रेशनकार्ड आहे का आणि पत्रा त्यांच्या मालकीचा आहे का, हे उद्या विचारते. पत्रा घरमालकाचा असेल तर पुढे गाडी अडते.

मिळकतकराची सवलत आता हीटरची खरी झाली. पावसाच्या पाण्याचा खड्डा केला तर 10 टक्के होईल. अबोलीच्या जागेवर आईने आधीच हक्क सांगितलाय.

13 डिसेंबर, शनिवार

आईच्या फोनवर मेसेज: खात्यात 60,000 जमा. तिने तीनदा वाचायला लावला, मग पासबुक भरून आणायला पाठवलं. पेनाने त्या ओळीखाली रेघ मारली.

संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली, "स्वयंपाकघरातला आणि वरच्या खोलीतला पंखा राहिलाय ना?"

राहिलाय. दोन्ही मिळून 5,600. वायरमन सोमवारी येतोय, आणि रिमोटसाठी दोरी आईने आत्ताच काढून ठेवलीय.